चुलीवर उलटं बसणारं मडकं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला गेले ती खरं तर विजासनची लेणी पाहायला. लेणी पाहिली, जैन मंदिर पाहिलं, वरोऱ्याला उतरून आनंदवनही पाहिलं. यावर भरपूर लिहून झालंय, मी भर घालत नाही. लॉजवरचा पंखा फिरायचा, पण वारा द्यायचा नाही. मार्चमध्येच ही गत, तर मे महिन्याचं विचारायची हिंमत झाली नाही.

मातीकामासाठी भद्रावतीचं नाव झालं ते ग्रामोदय संघ या कुंभारकामाच्या संस्थेमुळे. मी मात्र रमले जवळच्या एका खेड्यातल्या कुंभाराच्या अंगणात. पोचले तेव्हा तिथे भांडण चाललं होतं. निदान मला तरी ते भांडण वाटलं.

लांब रोट्या करून विकणाऱ्या एक मावशी मडकी घ्यायला आल्या होत्या. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: गव्हाची कणीक भरपूर पाणी घालून सैल भिजवायची, तार सुटेपर्यंत आपटायची, मग गोळा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लांबवत न्यायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायचा. खानदेशातलं मांड्यांचं खापर वेगळं.) म्हणजे या मडक्याचं बूड हाच तवा.

मावशी एकेक मडकं उचलत, बोटाच्या पेरानं टिचकी मारत आणि कान देत. खणखणीत वाजलं तर बाजूला, बद्द वाजलं तर परत. मग ते पालथं घालून बुडावर मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात टेकवून बघत. हातांवर जुन्या चटक्यांचे काळपट डाग.

"याची पाठ बसकी आहे जी. रोटी मधात जाड राह्यते अन् काठाले जळते."

"मागच्या खेपेले तुम्हीच म्हणल्या, उंच नको."

"उंच नको म्हणलं. बसकी कर म्हणलं का?"

कुंभारकाका रागावले नाहीत. एक अर्धवट वाळलेलं मडकं ओढून घेतलं, आत दगडी गोळा धरला आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकायला लागले. चाकावरून उतरतं तेव्हा मडक्याचा गळा आणि काठच काय तो पक्का असतो, बूड जाडच असतं. गोल पोट येतं ते या ठोकण्यातून. जाडी सगळीकडे सारखी हवी, नाहीतर विस्तवावर एक भाग जास्त फुगतो, दुसरा कमी, आणि तडा जातो. मातीत राख आणि धानाचा कोंडा कालवलेला. कोंडा आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, जळून जातो, त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात, आणि पुढे चुलीवर आचेचा ताण त्यांत जिरतो. शिवाय माती वाळताना-भाजताना दहा टक्क्यांच्या आसपास आकसते, म्हणून मावशींना हवा असलेला घेर आधीच मोठा धरावा लागतो. हे सगळं काकांच्या डोक्यात. मोजपट्टी कुठेच दिसली नाही. दर दहा-बारा ठोक्यांनंतर मावशी हात टेकवायच्या आणि म्हणायच्या, "अजून."

पुण्यात मातीच्या भांड्यांच्या प्रदर्शनांना मी हौसेनं जाते. सपाट बुडाची, घोटून चकचकीत केलेली, कपाटात शोभणारी भांडी. ती घडवताना स्वयंपाक करणाऱ्या बाईला कुणी असं शेजारी बसवलं असेल, असं मला वाटत नाही. इथे काकांनी माती सांभाळली, आकार मावशींनी ठरवला, आणि पैसे देताना त्याच मावशींनी दीडशेच्या मडक्यामागे वीस रुपयांसाठी घासाघीस केली. तेव्हा मला वाईट वाटलं. काकांना वाटलं नसावं, कारण त्यांनी वीस कमी करून एक येळणी (मडक्यावरचं मातीचं झाकण) फुकट दिली.

खरं भांडण त्यानंतर झालं. मावशींना शहरातल्या फ्लॅटवाल्या गिऱ्हाइकांसाठी गॅसवर बसणारं मडकं हवं होतं.

"गॅसची आच एकाच जागी लागते, बाई. फुटते."

"त्याहींच्या घरी चूल कुठून आणू?"

बराच वेळ तोंड रुंद की अरुंद यावर चाललं. शेवटी ठरलं: पुढच्या आव्यात दोन वेगवेगळ्या तोंडांची मडकी घालायची, मावशी ती आधी स्वतःच्या शेगडीवर तापवून पाहणार, फुटलं त्याचे पैसे देणार नाहीत. काका म्हणाले, "अर्धे तरी द्याल." मावशी म्हणाल्या, "पाहू," आणि टोपली उचलली.