परळी खोऱ्यातील वारूळ आणि गोंडवनाचा प्रश्न

साताऱ्यातील आमच्या प्राणिशास्त्र विभागात वाळवीच्या वंशवृक्षाचे काम सुरू आहे. त्यासाठी सज्जनगडाच्या पायथ्याशी, परळी खोऱ्यातील एका बांधावरचे वारूळ आम्ही बाजूने फोडले. आत वळ्यावळ्यांच्या, करड्या आणि सच्छिद्र अशा बुरशीच्या बागा होत्या आणि त्यांवर मोहरीएवढे पांढरे दाणे दिसत होते. ही ओडोन्टोटर्मिस वाळवी चघळलेल्या पालापाचोळ्यावर बुरशी पिकवते आणि त्यावर जगते. जातीची ओळख सैनिकाच्या, म्हणजे वारुळाचे रक्षण करणाऱ्या वाळवीच्या, जबड्यावरून पटवावी लागते, म्हणून सैनिक वेचून अल्कोहोलमध्ये ठेवले.

तेथेच एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, भारताचा भूखंड गोंडवन या प्राचीन महाखंडातून, आफ्रिकेच्या बाजूने सुटून आला, तेव्हाच ही वाळवी त्यावर बसून आली असेल ना?" प्रश्न रास्त होता. लाकूड खाणाऱ्या झुरळांच्या गटातून वाळवी वेगळी झाली ती सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी, आणि भारत मादागास्करपासून तुटला तो सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे वाळवी तेव्हा पृथ्वीवर नक्कीच होती.

उत्तर मिळाले ते कालगणनेचा निकाल हाती आला त्या दिवशी. आमच्या नमुन्यांतील मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रांच्या, जनुकांची आफ्रिकी आणि आशियाई जातींशी तुलना केली, की कोणत्या दोन शाखांत किती बदल साचले आहेत हे कळते. मात्र त्या बदलांना किती वर्षे लागली हे जनुके स्वतःहून सांगत नाहीत, ते जीवाश्मांकडूनच घ्यावे लागते. टांझानियाच्या रुक्वा खोऱ्यात बुरशीच्या बागाच अश्मीभूत होऊन सापडल्या आहेत, त्या 2.5 कोटी वर्षांपूर्वीच्या. गुजरातमधील लिग्नाइटच्या खाणींतील अंबरात, म्हणजे झाडाच्या कठीण झालेल्या राळेत, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीची वाळवी अडकलेली आहे. माझ्या मते या कामातील सर्वांत नाजूक बाब हीच आहे: जीवाश्म शाखेचे फक्त किमान वय सांगतो, शाखा त्याहून कितीही जुनी असू शकते, आणि तो वंशवृक्षाच्या नेमक्या कोणत्या फांदीवर बसवायचा यावर पुढचा सगळा हिशेब ठरतो.

म्हणून मी रुक्वाचा जीवाश्म वगळून गणना पुन्हा करायला लावली. अंदाजाची मर्यादा बरीच रुंदावली, तरीही बुरशी पिकवणाऱ्या वाळवीचा उगम भारत तुटण्याच्या काळाच्या जवळपासही पोहोचला नाही. प्रकाशित अभ्यासही तो आफ्रिकेत, सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी झाल्याचे दाखवतात. ज्या काळ्या पाषाणावर, म्हणजे थिजलेल्या लाव्हावर, सातारा उभा आहे, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे या वारुळातील वंश त्या लाव्हापेक्षाही बराच अलीकडचा ठरतो. भारत आशियाला भिडल्यानंतर, आफ्रिकेतून जमिनीच्या वाटेने आलेल्या पूर्वजांचे हे वंशज असावेत. वृक्षाचा छापील कागद समोर ठेवून त्या विद्यार्थिनीने फांद्यांच्या टोकांवरील नावे दोनदा वाचली आणि विचारले, "मग वाट कोणती, सर?" त्यासाठी कच्छ आणि राजस्थानातील कोरड्या प्रदेशांचे नमुने लागतील, त्यांची मागणी आम्ही त्याच संध्याकाळी लिहून काढली.