कुत्री तयार होती, सोसायटीचं पत्र नव्हतं

शेल्टरमधून कुत्रा आणायला काय काय लागतं, असं हल्ली बरेच जण विचारतात. आधार कार्ड, राहत्या घराचा पुरावा, घरातल्या सगळ्यांची संमती आणि सोसायटीचं पत्र. पहिल्या तिन्हींची फारशी कटकट नाही. चौथ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

आम्ही पुण्यात राहतो, फ्लॅट स्वतःचा. शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये ही दिसली. तांबूस गावठी कुत्री, साधारण दोन वर्षांची, नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कान थोडा कापलेला. मुलीला पिल्लू हवं होतं. तिथल्या ताईंनीच समजावलं, की पिल्लू म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी लस, ती पूर्ण होईपर्यंत पार्व्हो या जीवघेण्या आजाराची धास्ती, शिवाय कुरतडणं वेगळं. आम्ही दोघंही दिवसभर ऑफिसात. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव निदान आधी कळतो. पटलं.

फॉर्ममधले प्रश्न काहींना खटकतात. गावाला गेलात तर कोण बघणार, बदली झाली तर काय, कुत्रा रात्री कुठे झोपणार. मला तर ते बरोबरच वाटले. नेलेली कुत्री लोक परत आणून सोडतात, ते बघितलेली माणसं हे विचारणारच. व्हिडिओ कॉलवर घर दाखवताना ताईंनी मला गॅलरीच्या ग्रिलमधून हात बाहेर काढायला लावला. हात खांद्यापर्यंत गेला. ‘जाळी मारून घ्या,’ एवढंच म्हणाल्या. मारून घेतली.

आता पत्र. आमच्या सोसायटीचं ऑफिस रविवारी सकाळी उघडतं, तेही मॅनेजरचा चहा झाल्यावर. अर्ज त्यांच्याच नमुन्यात द्यायचा, विषय ‘कुत्रा पाळण्यास परवानगी मिळणेबाबत’. सेक्रेटरी म्हणाले, मीटिंगमध्ये ठेवतो. मीटिंगला कोरम नाही. पुढची मीटिंग गच्चीच्या गळतीत संपली. मग म्हणाले, मजल्यावरच्यांच्या सह्या आणा. आणल्या. मग वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्याही हव्यात. त्याही आणल्या, समोरच्या आजींनी तर सही करताना कुत्रीचं नाव काय ठेवणार ते विचारलं. त्यावर उत्तर आलं, ‘पाळीव प्राणी नकोत असा जुना ठराव आहे.’ ठरावाची प्रत मागितली. रजिस्टर कपाटात, किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार मुलाकडे अमेरिकेत! इकडे शेल्टरमधून फोन, की आणखी एक कुटुंब तिची चौकशी करतंय, कुठवर थांबायचं?

शेवटी त्या ताईंनीच भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना पाठवल्या. तुम्हीही त्या मिळवून वाचाच. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. भुंकतो म्हणून नको, मोठ्या जातीचा म्हणून नको, असंही चालत नाही. लिफ्ट वापरू न देणं किंवा त्यासाठी जादा पैसे मागणं, हेही नाही. प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे तर राज्यघटनेतलं मूलभूत कर्तव्य, शाळेच्या पुस्तकांत पहिल्या पानांवर छापलेलं असतं. सेक्रेटरींच्या नातवाच्या पुस्तकातही असणार.

मग मी नवं पत्र केलं. विषय ‘घरी पाळीव कुत्री आणत असल्याबाबत माहिती’. सोबत सूचनांची झेरॉक्स आणि सह्यांचा कागद. दोन प्रती नेल्या, एकीवर पोच मागितली. मॅनेजरनी ड्रॉवरमधून शिक्का काढला, तो हवेतच धरून म्हणाले, ‘ही फक्त पोच हं मॅडम, परवानगी नाही.’ म्हटलं, परवानगी मागितलीच कुठे आहे? शिक्का बसला. शेल्टरने ती पोच चालवून घेतली. तेव्हा परवानगीच्या फंदात पडू नका. कळवा आणि पोच घ्या. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर एवढे रविवार वाचले असते.

भाड्याच्या घरात असाल तर मात्र हे पुरत नाही. घरमालकाची लेखी संमती घ्या, जमलं तर भाडेकरारातच एक ओळ घालून घ्या.

आणताना गाडीत जुनी चादर टाका, वाटेत ओकतात. शेल्टरमधून लसीकरणाचं कार्ड मागून घ्या. रेबीजच्या लशीचा दाखला महापालिकेच्या परवान्यालाही लागतो, आणि तो परवाना दरवर्षी नव्याने काढायचा असतो. आणल्यावर लगेच डॉक्टरांना दाखवा. गोचिडांमुळे ताप येतो, म्हणून रक्त तपासून घेतलेलं बरं. करारात लिहिलेलं असतं, की साखळीला बांधून ठेवायचं नाही आणि सांभाळणं जमलं नाही तर परस्पर कुणाला न देता शेल्टरलाच परत करायचं. अधूनमधून फोटोही मागवतात, पाठवत जा.

सुरुवातीला ती दिवाणाखालून बाहेर यायला तयार नव्हती, जेवण तिथेच सरकवावं लागायचं. आल्या आल्या आंघोळ घालू नका, पाहुणे जमवू नका. दूध तर नकोच, पोट बिघडतं. आमच्याकडे सासूबाईंनी तिला बुंदी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

हो, आणि लिफ्टशेजारी परवा एक पाटी लागली आहे. ‘पाळीव प्राण्यांनी जिन्याचा वापर करावा.’ खाली शिक्का तोच. पत्र तयार आहे, दोन प्रतींत.