जुना बाजार ते घोरपडीचं मिग : विमानवेड्यांसाठी पुण्यातला एक दिवस, आणि माझे अठराशे रुपये

पहिली गोष्ट आधी सांगून टाकतो. जुन्या बाजारात कुणी "साहेब, सीलबंद आहे" म्हणून विमानाचा मॉडेल किट, म्हणजे घरी चिकटवायचे सुटे भाग, हातात ठेवला तर तो तिथेच उभं राहून उघडायचा. उघडू देत नसेल तर खाली ठेवायचा आणि पुढे चालायला लागायचं. मी हे केलं नाही, आणि गेले चार दिवस तेच डोक्यात आहे.

झालं असं, की मी आणि माझा मावसभाऊ, दोघंही लहानपणी वाड्याच्या माळ्यावर बसून विमानं चिकटवणारे. शाळेत एनसीसी एअर विंगला होतो, तिथे बाल्साचं ग्लायडर करायला शिकलो, टिश्यू पेपर ताणून त्यावर डोप, म्हणजे कागद ताठ करणारं उग्र वासाचं व्हार्निश, मारायचो, त्या वासाने आई जेवणाचं ताट माळ्यावर आणायची नाही. मग एका काकांनी परदेशातून एअरफिक्सचं, म्हणजे किट बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं, मिग-23 आणलं, 1/72 चं, म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो त्या मापाचं. तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलंच. यंदा ठरवलं की एक पूर्ण दिवस पुण्यात फक्त विमानांसाठी काढायचा. बुधवार घेतला, कारण जुना बाजार बुधवारी आणि रविवारीच भरतो. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, बुधवारच बरा.

मंगळवार पेठेत गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो. आम्ही बसने गेलो. नऊच्या आत पोचा, ऊन चढलं की लोखंडाच्या ढिगांशेजारी उभं राहवत नाही. जुने कॅमेरे, पान्हे, मीटर, घड्याळं, सगळं आहे, आणि मधेच एका चादरीवर खेळण्यांच्या ढिगात एअरफिक्सचा डबा दिसला, स्पिटफायर मार्क 9, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश फायटर. माझे हात थरथरले, खरंच सांगतो. एअरफिक्सने 1953 मध्ये पहिलं विमान काढलं तेच स्पिटफायरचं, त्यामुळे त्या डब्यावरचं चित्र दिसलं की आमच्या पिढीचं डोकं चालेनासं होतं. त्याने पंचवीसशे सांगितले, अठराशेला दिला. भाऊ म्हणाला, "दादा, उघडून बघ की." मी म्हटलं टेप लावलीये, जुनी आहे, कशाला फोडायची.

घरी येऊन उघडला. दोन स्प्रू होते, म्हणजे पार्ट लागलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी, तिसरी गायब. कॅनपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, नाही, प्रोपेलरचं एक पातं नाही, आणि डिकल, म्हणजे विमानावर चिकटवायच्या छापील खुणा, पिवळे पडलेले. टेप आजकालची होती, नखाने सहज निघाली. तर आता नियम लिहून घ्या. इन्स्ट्रक्शन शीटवर पार्टची यादी असते, त्यावरून चौकटी मोजा, सगळ्यात आधी पारदर्शक भाग बघा आणि मग डिकल. पार्ट कमी असलेल्या किटला तीनशेच्या वर एक रुपया देऊ नये, आणि पूर्ण असला तरी अठराशे जास्तच. डिकल पिवळे असतील तर रडू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवून ठेवा, काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो.

दुसरी लूट रिक्षाची. बाजारापासून घोरपडीतल्या नॅशनल वॉर मेमोरियलपर्यंत मीटरने शंभरच्या आत व्हायला हवेत. पहिला म्हणाला अडीचशे, दुसरा म्हणाला दोनशे आणि "तिकडून रिटर्न भाडं मिळत नाही काका". उन्हाला कंटाळून दोनशेवाल्याच्या रिक्षात बसलो, आणि त्याने रेसकोर्सच्या बाजूला भलत्याच गेटपाशी सोडलं. फोनमधला मॅप पण तेच गेट दाखवत होता. तिथल्या जवानाने शांतपणे सांगितलं की इथून सिव्हिलियनला रस्ता नाही, वळसा घ्या. हा वळसा म्हणजे या दिवसातला सगळ्यात वाईट भाग. एका बाजूला कॅन्टोन्मेंटची भिंत, दुसऱ्या बाजूला गाड्या, फुटपाथ तुटक, एप्रिलचं बाराचं ऊन, आणि पाण्याची बाटली बाजारातच संपलेली. मी रोज टेकडी चढतो, पंचवीस-तीस मिनिटं चालणं म्हणजे मला काहीच नाही, पण त्या भिंतीला सावलीच नाही. शेवटी भाऊ म्हणाला, "दादा, जरा टेकू," आणि आम्ही एका बंद टपरीच्या पत्र्याखाली पाच मिनिटं उभे राहिलो. बाजारातून जाणार असाल तर ॲपवरून रिक्षा बोलवा, आणि मेमोरियलचं मेन गेट कुठलं ते आधी एखाद्या माहीतगाराला विचारून ठेवा, मॅपच्या भरवशावर निघू नका. टोपी आणि दोन लिटर पाणी तर हवंच.

आणि मग आत गेलो आणि सगळं विसरलो.

मला सोसायटीतल्या एकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की तिथे कारगिलचं मिग-21 आहे. म्हणून मी माझं 1/72 चं मिग-21 रुमालात गुंडाळून नेलं होतं, शेजारी धरून फोटो काढायला. समोर उभं होतं मिग-23 बीएन! कारगिल युद्धात वापरलेलं, ही माहिती बरोबर निघाली, विमानाचं नाव तेवढं चुकीचं. आपल्या हवाई दलात या बीएनचं नाव "विजय", आणि रडारवालं जे एमएफ होतं ते "रक्षक". 26 मे 1999 ला ऑपरेशन सफेद सागर सुरू झालं तेव्हा बॉम्ब घेऊन गेलेल्यांमध्ये हे बीएन होते, आणि मार्च 2009 मध्ये ते सेवेतून गेले.

लांबून बघून निघून येऊ नका. नाकाशी जा. काकांनी आणलेल्या किटचं नाक टोकदार होतं, कारण ते फायटर होतं, आत रडार. याचं नाक खाली उतरतं कापल्यासारखं, कारण याचं काम जमिनीवर मारा करायचं, रडार काढून तिथे लेझरने अंतर मोजणारं यंत्र बसवलं, आणि पायलटला खालचं नीट दिसावं म्हणून नाक उतरतं केलं. आम्ही लहानपणी टोकदार नाकाच्या मिगवर तिरंगी गोल चिकटवून त्याला बॉम्ब लावले होते, ते किती चूक होतं हे त्या नाकासमोर उभं राहिल्यावर कळलं.

मग पंखाच्या मुळाशी जा आणि तिथेच जास्त वेळ थांबा. हे पंख उडता उडता मागे सरकायचे. 16, 45 आणि 72 अंश अशा तीन जागा होत्या, आणि पायलट कॉकपिटमधला दांडा हाताने सरकवून त्या बदलायचा. पूर्ण उघडे असले की पंखांचा पसारा चौदा मीटरच्या आसपास, पूर्ण मागे घेतले की आठ मीटरसुद्धा नाही. एवढा भार एका खिळीवर फिरवायचा म्हणजे काय ते 1/72 मध्ये कळत नाही. मी तिथे पाऊण तास होतो. भावाने दोनदा घड्याळ बघितलं. हात लावू नका आणि वर तर अजिबात चढू नका, एक बाप पोराला पंखावर बसवायला निघाला होता, मी सरळ अडवलं त्याला. शेजारी आयएनएस त्रिशूल या युद्धनौकेची प्रतिकृती आहे, तीही बघा. हे स्मारक लोकवर्गणीतून झालंय, 15 ऑगस्ट 1998 चं आहे, आणि मी पुण्यात जन्मून इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत पाय ठेवला याचं वाईट वाटलं.

लोहगावला "विमानं बघायला" जायचं का, हे बरेच जण विचारतात. नाही. 1939 पासूनचा तळ आहे, महायुद्धात स्पिटफायर, मॉस्किटो तिथे होती, 2002 मध्ये सुखोई-30 एमकेआय हवाई दलात तिथेच दाखल झालं, सगळं खरं, पण तो चालू लष्करी तळ आहे. कुंपणापाशी कॅमेरा काढून उभं राहणं हा मूर्खपणा आहे. विश्रांतवाडीकडे कुणा ओळखीच्याकडे चहाला जा, वरून जे जाईल ते कानाने ओळखा.

कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम संध्याकाळी केलं, छान आहे, मॉडेलवाल्यांनी करावंच.

आता स्पिटफायर. कॅनपी मी करतोय. लाकडाचा तुकडा घासून कॅनपीच्या आकाराचा केला, तो पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवून बाटली हेअर ड्रायरने तापवली की प्लॅस्टिक आक्रसून त्यावर घट्ट बसतं, मग ब्लेडने कापून घ्यायचं. पहिल्या दोन सुरकुतल्या, तिसरी काचेसारखी आली. रंग बर्मा आघाडीचा देणार आहे, विमानावरच्या हवाई दलाच्या गोल खुणेतला लाल ठिपका नसलेला, कारण जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच माणसांनी गोळी घालू नये म्हणून तिकडे तो काढून टाकला होता. त्यामुळे पिवळ्या डिकलचीही गरज उरली नाही, गोल हातानेच रंगवतो.

आणि माळ्यावरून ते जुनं मिग-23 पण काढलं. त्याच्या पंखांच्या मुळाशी बारीक दाते असतात, एक पंख हलवला की दुसरा आपोआप हलतो. आम्ही तेव्हा तिथे फेविक्विक सांडलं होतं आणि पंख जन्माचे अर्धे उघडे राहिले. थंडीने फेविक्विक ठिसूळ होतं, म्हणून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं, सकाळी ब्लेडचं टोक घातलं आणि टक् आवाज आला. डावा सुटलाय. उजवा अजून हलत नाही, आज परत फ्रीजरमध्ये ठेवलंय.