पॉइंटवर लंडन: तीन जागांसाठीची खटपट

गेल्या नोव्हेंबरात मी, माझे पती आणि ७३ वर्षांच्या सासूबाई असे तिघे मुंबईहून लंडनला नणंदेकडे जाऊन आलो. जाण्याची तिन्ही तिकिटे आम्ही विमान कंपन्यांच्या पॉइंटवर काढली, म्हणजे प्रवासावर आणि कार्डाच्या खर्चावर जमलेले गुण भाड्याऐवजी वापरून. मुक्काम तीन आठवड्यांचा होता. तिकिटांची खटपट मात्र आधीच्या डिसेंबरपासून चालली होती. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत कार्यालयीन प्रवासाचे आणि क्रेडिट कार्डाचे पॉइंट वर्षानुवर्षे साठत असतात आणि तिकीट काढायला बसल्यावर ‘जागा उपलब्ध नाही’ एवढेच वाचून ती मंडळी नाद सोडून देतात, म्हणून या खटपटीचाच वृत्तांत लिहिते आहे. लंडनमध्ये काय पाहावे हे सांगणारे पुष्कळ आहेत.

आमची पहिली चूक बेत आखण्याच्या क्रमातच होती. पती महाविद्यालयात शिकवतात, त्यामुळे आम्ही मे महिना धरून बसलो. आधी तारखा ठरवल्या, मग पॉइंट मोजले आणि शेवटी जागा शोधायला लागलो. संकेतस्थळावर त्याच विमानाची तिकिटे पैसे देऊन मिळत होती, पॉइंटवर मात्र एकही जागा दिसत नव्हती. रिकाम्या जागा असताना त्या आपल्याला नाकारल्या जात आहेत याचा तेव्हा फार राग आला.

पुढे या व्यवहाराची रीत समजली. एकाच इकॉनॉमी वर्गातल्या जागा निरनिराळ्या भाड्यांच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात, प्रत्येक कप्प्याला एक इंग्रजी अक्षर असते आणि पॉइंटवर द्यायच्या जागांचा कप्पा स्वतंत्र असतो. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात अशा इकॉनॉमी जागांसाठी ‘एक्स’ आणि बिझनेस वर्गासाठी ‘आय’ ही अक्षरे वापरतात. कोणत्या कप्प्यात किती जागा ठेवायच्या हे कंपनी विक्रीच्या अंदाजावरून ठरवत असते, आणि जी जागा रोख पैशांत विकली जाण्याची शक्यता कमी, तीच बहुधा पॉइंटच्या कप्प्यात येते. काही कंपन्या कोणतीही जागा पॉइंटवर देतात, पण तिथे पॉइंटचा आकडा भाड्याबरोबर चढत जातो. शिवाय कंपनी आपल्या स्वतःच्या पॉइंट योजनेच्या सदस्यांना जेवढ्या जागा दाखवते तेवढ्या भागीदार कंपनीच्या, म्हणजे जिचे पॉइंट तिच्या विमानांत चालतात अशा दुसऱ्या कंपनीच्या, सदस्यांना दाखवतेच असे नाही. त्यामुळे मैत्रिणीला तिच्या खात्यात दिसलेली जागा आपल्या खात्यात दिसली नाही, तर आपले काही चुकले असे समजू नये.

हे कळल्यावर मी तारीख बाजूला ठेवून गर्दीचा विचार करायला लागले. मुंबईहून लंडनकडे जाणारी गर्दी शाळांच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात असते, आणि पुन्हा ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरमध्ये, कारण तेव्हा विद्यार्थी शिक्षणासाठी निघतात. डिसेंबरच्या मध्यात प्रवाह उलटा असतो. तिकडची मंडळी घरी येत असतात, म्हणून येणारी विमाने भरतात आणि त्याच दिवसांत जाणाऱ्या विमानांत त्या मानाने जागा सापडतात. जाण्याचा आणि येण्याचा शोध वेगवेगळा घ्यावा तो यासाठीच. बहुतेक कंपन्यांचे आरक्षण प्रवासाच्या साधारण अकरा ते बारा महिने आधी खुले होते आणि तेव्हा काही जागा पॉइंटसाठी सुटतात. न विकलेल्या जागा कधीकधी शेवटच्या पंधरवड्यात पुन्हा सुटतात. परंतु वृद्ध माणूस बरोबर असताना आणि व्हिसा काढायचा असताना त्या शेवटच्या पंधरवड्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जानेवारीत आम्हाला मोठा फटका बसला. एका परदेशी कंपनीच्या विमानात एप्रिलच्या अखेरीस तीन जागा दिसल्या. त्या कंपनीच्या खात्यात पॉइंट कमी होते, म्हणून मी घाईने क्रेडिट कार्डाचे पॉइंट तिकडे वळवले. ते पोहोचायला चार दिवस लागले आणि तोवर तिन्ही जागा गेल्या. एकदा वळवलेले पॉइंट बँकेकडे परत येत नाहीत. नऊ वर्षे जमवलेला साठा अशा ठिकाणी अडकला, जिथे त्याला मुदत होती आणि आमच्या कामाची जागा नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. पॉइंट वळवण्याआधी बँकेकडून किती दिवस लागतात हे विचारावे, आणि विमान कंपनीला दूरध्वनी करून ती जागा काही दिवस राखून ठेवते का हे विचारावे. काही कंपन्या ठेवतात, आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर ठळक लिहिलेले असतेच असे नाही. जागा दिसली म्हणजे ती खरोखर आहे असेही धरू नये. भागीदाराच्या संकेतस्थळावर जुनी माहिती रेंगाळते आणि पैसे भरण्याच्या पायरीवर व्यवहार अडतो, म्हणून दुसऱ्या एखाद्या भागीदार कंपनीच्या संकेतस्थळावर तीच जागा दिसते का ते पडताळावे.

पॉइंट पुढे कधीतरी वापरू म्हणून ठेवून देणेही मला आता पटत नाही. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणे थांबवली आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. अशा वेळी खाते दुसऱ्या नावाने चालू राहिले, तरी ज्या विमानासाठी आपण पॉइंट जमवलेले असतात ते विमान राहत नाही.

जूनमध्ये मार्ग निघाला, तो तिघांचा शोध एकत्र घेणे सोडून दिल्यावर. तीन प्रवासी टाकले की ‘जागा नाही’ येत होते, दोन टाकल्यावर नोव्हेंबरातल्या एका थेट विमानात दोन जागा मिळाल्या. त्या पती आणि सासूबाईंसाठी घेतल्या. माझ्यासाठी, अडकलेल्या साठ्यातून, दुसऱ्या दिवशीची आखातात विमान बदलून जाणारी एक जागा मिळाली. दिल्लीहूनही जागा दिसत होत्या. परंतु मुंबई–दिल्ली तिकीट वेगळे काढले आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर पुढच्या कंपनीवर आपली जबाबदारी नसते. सासूबाईंना घेऊन तो धोका पत्करणे योग्य वाटले नाही.

नावाकडे मात्र सर्वांनी आधीच लक्ष द्यावे. सासूबाईंच्या पारपत्रावर स्वतःच्या नावापुढे सासऱ्यांचे नाव आहे, आणि मी खात्यात त्यांचे नुसते नाव आणि आडनाव नोंदवले होते. पुष्कळ कंपन्यांत खातेदार सोडून इतरांसाठी तिकीट काढायचे तर त्यांची नावे आधी नोंदवावी लागतात, त्यामुळे ती दुरुस्ती करायला लेखी अर्ज आणि एक आठवडा लागला. सुदैवाने तो आठवडा जागा दिसण्याच्या आधीचा होता. तिकीट भागीदार कंपनीच्या विमानाचे असेल तर आरक्षणाचे दोन क्रमांक असू शकतात, एक पॉइंट घेणाऱ्या कंपनीचा आणि एक विमान चालवणाऱ्या कंपनीचा. दुसरा मागून घ्यावा, कारण चाकांची खुर्ची आणि जेवण यांची नोंद विमान चालवणाऱ्या कंपनीकडे पोहोचली आहे की नाही हे त्यावरून तपासता येते. आणि १३ आकडी तिकीट क्रमांक हाती येईपर्यंत तिकीट निघाले असे मानू नये; नुसते आरक्षण रद्द होऊ शकते.

व्हिसाचा पेच वेगळाच आहे. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीच अर्ज करता येतो, तर पॉइंटवरची जागा त्याच्या कितीतरी आधी धरावी लागते. म्हणून तिकीट रद्द केल्यास पॉइंट परत मिळतात का आणि त्यासाठी किती शुल्क पडते, हे वाचूनच आम्ही तिकिटे काढली.

आता पैशांविषयी. पॉइंटवरचे तिकीट फुकट नसते. विमानतळाचे शुल्क आणि कर भरावे लागतात, आणि अनेक कंपन्या त्यावर स्वतःचा अधिभारही लावतात. समजा, रोख भाडे ६०,००० रुपये आहे आणि पॉइंटवर ५०,००० पॉइंट अधिक २५,००० रुपये लागतात, तर एका पॉइंटची किंमत ७० पैसे झाली. बँक त्याच पॉइंटचे याहून अधिक देत असेल, तर तिकीट रोखीने घ्यावे. परतीच्या प्रवासाला हाच हिशेब लावला तेव्हा पॉइंट वाचवणे शहाणपणाचे ठरले. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानांवर तिथले सरकार प्रवासी कर घेते, तो पॉइंटच्या तिकिटावरही लागतो आणि बिझनेस वर्गासाठी इकॉनॉमीच्या दुपटीहून अधिक असतो. इकॉनॉमीतल्या १६ वर्षांखालील मुलांना तो माफ आहे. अधिभार जोडल्यावर परतीच्या जागा रोखीने जवळपास तेवढ्याच पडत होत्या, त्यामुळे येतानाची तिन्ही तिकिटे एकाच विमानाची विकत घेतली.

प्रवास सुरळीत झाला. थेट विमानाला सुमारे दहा तास लागतात आणि सासूबाईंची चाकांची खुर्ची मुंबई विमानतळाच्या टी२च्या (टर्मिनल २च्या) दारापासून हीथ्रोच्या बाहेरपर्यंत मिळाली. दुसऱ्या दिवशी मी एकटीच एक बॅग घेऊन दादरहून भुयारी मेट्रोने टी२ला गेले. सामान थोडे असेल तर हा मार्ग उत्तम आहे. आखातातल्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट पाहत असताना नणंदेचा संदेश आला, की आई पोहोचल्या, वरणभात जेवल्या आणि झोपल्या आहेत.

माझ्या खात्यात अजून एका माणसाच्या एका बाजूच्या प्रवासापुरते पॉइंट उरले आहेत. त्यांची मुदत मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवली आहे. डिसेंबरच्या मध्यातली, मुंबईहून निघणारी एक जागा सासूबाईंसाठी रोज सकाळी पाहते आहे, कारण नणंदेच्या मुलीची मुंज तिकडेच करायचे घाटते आहे.