नळीचा मान

आमच्याकडे रविवारी मटण शिजलं की नळीवरून भांडण ठरलेलं. ताटाच्या काठावर ठकठक आपटायची, सुर्रकन ओढायची, आणि चोथा झालेलं हाड दारातल्या कुत्र्याचं. चरईतल्या चाळीत आमची सगळी पिढी याच शिरस्त्यात वाढली. आता घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर राहतो, आणि कुत्रं दारात नाही, सोफ्यावर असतं. चिंगी. वजन 18 किलो, जात आईच्या भाषेत ‘सोळा आणे गावठी’.

ती घरी आली त्या पहिल्याच रविवारी आईने सवयीने रश्श्यातलं हाड तिच्यापुढे टाकलं आणि मी झडप घालून ते उचललं.

“कुत्र्याला हाड नाही द्यायचं, तर काय वरणभात?”

हाड द्यायचं, पण कच्चं. हे आईला पटवायला पायाचा रस्सा कामी आला. तो फ्रिजमध्ये ठेवला की खरवसासारखा थिजतो ना, तो हाडातूनच उतरलेला चिवटपणा. कुकरच्या शिट्ट्यांनी तो निघून गेला की मागे उरतं ते ठिसूळ. चावलं की त्याच्या चिपा होतात, आणि त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. कच्चं हाड त्या मानाने चिवट असतं, चिपा कमी निघतात. तरी आमच्या डॉक्टरांना विचाराल तर ते म्हणतात, कच्चंही नकोच. अगदीच हौस असेल तर तोंडात मावणार नाही एवढं मोठं द्या, आणि समोरून हलू नका.

मग मी खाटकाकडे. “गर्दन द्या, वीतभर. तुकडे नकोत.” सत्तूर हवेतच थांबला. तुकडे न करता द्यायचं म्हणजे त्याच्या कारागिरीचा अपमानच. “नळी घ्या की ताई, कुत्रा खूश होईल.” नळी नको. ती इतकी टणक की कुत्र्याची वरची मोठी दाढ उभी चिरू शकते. नखाने दाबून खूण उमटत नसेल तर ते हाड दातांनाही भारी, एवढं मी शिकले आहे. शिवाय आतला मगज म्हणजे निव्वळ चरबी, ती पोटाला झेपत नाही.

बाल्कनीत जुनी चटई, त्यावर चिंगी, शेजारी स्टुलावर मी. पंधरा मिनिटं. कटकट आवाज, डोळे अर्धे मिटलेले, पुढचे दोन्ही पंजे हाडावर भक्कम. मग चिकनचा उकडलेला तुकडा दाखवून सौदा. नुसतं ओढायला गेलात तर लाडकी लेकसुद्धा गुरगुरते. उरलेलं फेकायचं, फरशी फिनेलने पुसायची, हात साबणाने धुवायचे, भाचरांना तासभर चाटू द्यायचं नाही. हाड फ्रीझरमधून काढलं म्हणजे जंतू मेले असं नसतं, साल्मोनेला थंडी काढून सुखरूप उठतो.

एकदा लाडाने तीन दिवस ओळीने दिलं. चौथ्या दिवशी खाली बागेत ती दहा मिनिटं कुंथत बसली, आणि निघालं ते खडूसारखं पांढरं. वॉचमन बघत होता. आता आठवड्यातून एकदाच. श्रावणात तेही बंद, कारण महिनाभर आईच्या फ्रिजमध्ये मटण शिरत नाही.

गेल्या रविवारी आईने नळी ओढून रिकामी केली. चिंगी टेबलाखाली. आईचा हात खाली गेला, थांबला, वर आला. सगळी हाडं पिशवीत भरून तिने गाठ मारली.

“खालच्या काळ्यालाही नाही?”

“नाही.”

तिने अजून एक गाठ मारली.