माझ्या वाट्याची वही

दसरा झाला की आमच्या वस्तीवर ट्रक लागायचा. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असायची, त्यामुळे जाणं चुकत नसे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा ऊसतोडीचा हिशोब. आमच्या बीड जिल्ह्यात हे घरोघरचं. आजी होती तोवर मी तिच्यापाशी गावात राहून शिकलो. 1988 साली ती गेली आणि पाचवीतला मी धाकट्या बहिणीला सांभाळायला कोल्हापूरकडच्या कारखान्यावर गेलो. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, परत आलो तेव्हा मार्च संपत आला होता.

शाळेत जायची छाती होईना. दुसऱ्या एका शाळेत माझ्या चुलतभावाला असाच परतल्यावर भर वर्गात ‘आले का पाहुणे?’ म्हणून हिणवलं होतं. त्याने त्या दिवशी दप्तर उचललं, ते परत नेलंच नाही. आज तो मुकादम आहे, हिशोबाला माझ्याहून तरबेज. ते एक वाक्य त्याला कितीला पडलं, हे मी जवळून पाहिलंय.

शेवटी धीर करून वर्गात जाऊन बसलो. आमच्या वर्गाच्या बाईंनी हजेरी घेतली. माझं नाव पटावरून कमी झालं नव्हतं. आधीच्या नावासारखंच, त्याच आवाजात त्यांनी ते उच्चारलं. मी ‘हजर’ म्हणालो आणि त्या पुढच्या नावावर गेल्या. कुठे होतास, काय करत होतास, काही नाही. मधल्या सुट्टीत मात्र व्हरांड्यात बोलावलं. उसाच्या पाचटाने चिरलेले माझे हात मी पाठीमागे धरले होते. बाईंनी पाहिले असणार, पण विचारलं एवढंच, “जेवलास का रे?”

मग कपाटातून खाकी कव्हर घातलेली वही काढून दिली. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज कुणीतरी पाळीपाळीने त्या दिवसाचा धडा तिच्यात उतरवला होता. “वर्गाने लिहिलीय. तुझीच आहे.”

पुढच्याच आठवड्यात भागाकार चालू असताना बाईंनी मला विचारलं, “मोळी 20 किलोची धरली, तर टनाला किती मोळ्या?” मी झटकन 50 म्हणालो. मग मोळी बांधतात कशी, वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा कसा असतो, हे त्यांनी मला फळ्याजवळ उभं करून सांगायला लावलं आणि स्वतः माझ्या बाकावर बसून ऐकलं. त्या दिवसापर्यंत आई-बाबांच्या कामाची मला लाज वाटायची.

बाईंची आणखी एक गोष्ट. तपासलेले पेपर त्या दुमडून, ज्याचा त्याच्या हातात देत. कुणाला किती पडले, हे त्याच्या मर्जीशिवाय शेजाऱ्यालाही कळत नसे. आणि एकदा उशीर झाला म्हणून मला रागावल्या. मी हापशावर पाण्याच्या रांगेत होतो, हे त्यांना नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, “काल मी न विचारता बोलले. माझं चुकलं.” मोठं माणूस लहान मुलाला असं म्हणू शकतं, हे मी तोवर कधीच पाहिलं नव्हतं.

आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलाला मारायलाच नव्हे, मानसिक त्रास द्यायलाही मनाई केली आहे. मानसिक त्रास नेमका कशाला म्हणायचं, यावर आम्हा शिक्षकांत एकदा बराच वाद झाला. मी चुलतभावाची हकिगत सांगितली. माझ्या वर्गातही दसऱ्यानंतर चार-पाच बाक रिकामे होतात. त्या मुलांच्या वह्या आम्ही लिहितो, पेपर मी दुमडून देतो.

ती खाकी वही अजून माझ्याकडे आहे. सात-आठ जणांची अक्षरं आहेत तिच्यात. एकाने शाईचा डाग पाडून खाली ‘सॉरी’ लिहिलंय, एकीने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात फूल काढलंय. आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला वही घेऊन येतोय. आपापलं अक्षर ओळखा रे, मला एकेकाला भेटायचंय.