इस्तंबूलची खाद्यफेरी: एक दिवस, दोन किनारे

इस्तंबूलमधल्या पाच दिवसांच्या मुक्कामातला पहिलाच दिवस आम्ही उभयतांनी मार्गदर्शकासह पायी करायच्या खाद्यफेरीसाठी राखून ठेवला होता. ही फेरी शेवटच्या दिवशी ठेवू नये, असे आता मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. कारण काय मागावे, कसे मागावे आणि कशाची चौकशी करावी हे त्या दिवशी कळले आणि पुढचे चार दिवस आम्ही मार्गदर्शकाशिवाय निर्धास्तपणे जेवलो.

सकाळी साडेनऊला युरोपीय किनाऱ्यावरच्या एमिनोनूच्या धक्क्याजवळ आम्ही आठजण जमलो. आमच्या मार्गदर्शक बाईंनी मुख्य रस्ता टाळून मसाल्यांच्या बाजारामागच्या गल्लीत, एका जुन्या वखारीच्या चौकात नाश्ता मांडला. नाश्त्याला तिकडे ‘कहवाल्ती’ म्हणतात, म्हणजे कॉफीच्या आधीचे खाणे. तीळ लावलेले कडक सिमित, म्हणजे कड्याच्या आकाराचे पाव, ऑलिव्ह, टोमॅटो-मिरचीत शिजवलेल्या अंड्यांचे मेनेमेन आणि खारट पांढरे ‘पेयनीर’ असे सगळे होते. या पेयनीरचे आपल्या पनीरशी असलेले नाते नावातच दिसते. पण मन गुंतले ते कायमाकमध्ये. म्हशीच्या दुधाची ही साय इतकी दाट असते की तिची वळकटी करून काप काढतात. त्यावर मध ओतून पावाच्या तुकड्याने ती उचलायची. माझ्या आजीच्या दुभत्याच्या कपाटातल्या सायीची चव मला तिथे सापडली.

त्यानंतर आम्ही मसाल्यांच्या बाजारात, म्हणजे मिसिर चार्शिसीत गेलो. हा बाजार येनी जामी मशिदीच्या संकुलाचा भाग म्हणून 1660च्या दशकात पूर्ण झाला. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. बऱ्याच दुकानांत ‘तुर्की केशर’ म्हणून लालसर पाकळ्यांचे ढीग अगदी स्वस्तात विकायला असतात. ते केशर नसून करडईच्या फुलांच्या पाकळ्या असतात. सोलापूरकडे करडईची शेते पाहिलेल्या माझ्या पत्नीने त्या चिमटीत धरताच ओळखल्या, आणि बाईंनीही लगेच दुजोरा दिला. त्याऐवजी पुल बिबेर, म्हणजे किंचित तेलकट लाल मिरचीची भरड, आणि सुमाक, म्हणजे त्याच नावाच्या फळांची आंबट पूड, घ्यावे. दोन्ही आपल्या स्वयंपाकघरात सहज रुळतात.

तुर्की कॉफीची परंपरा 2013 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली गेली. ती कॉफी पिण्याचीही रीत आहे. साखर कॉफीबरोबरच उकळत असल्यामुळे ती मागतानाच सांगावी लागते: बिनसाखरेची ‘सादे’, कमी गोड ‘आझ शेकेर्ली’, मध्यम ‘ओर्ता’. सोबतचे पाणी आधी पिऊन तोंड स्वच्छ करायचे, कप ढवळायचा नाही आणि तळाचा गाळ सोडून द्यायचा.

दुपारी फेरीबोटीने बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडून सुमारे वीस मिनिटांत आम्ही आशियाई किनाऱ्यावरच्या कादिकोयला पोहोचलो. पर्यटकांची वर्दळ इकडे कमी आणि स्थानिकांचा बाजार मोठा, म्हणून जेवण या किनाऱ्यावर ठेवणे मला फार योग्य वाटले. आम्ही ‘लोकांता’ प्रकारच्या खाणावळीत गेलो. तिथे तयार पदार्थ काचेमागे मांडलेले असतात आणि बोट दाखवून मागता येतात. तुर्की जेवण म्हणजे कबाब ही समजूत इथे पूर्ण मावळते. ऑलिव्ह तेलात मंद शिजवून गार वाढलेल्या भाज्यांचा तिथे स्वतंत्र वर्गच आहे. त्यातले ‘इमाम बायिल्दी’, म्हणजे कांदा-टोमॅटो-लसूण भरलेले वांगे, मी दोनदा मागून घेतले. आपल्या भरल्या वांग्यात मसाला पुढे असतो. इथे वांग्याचा गर लोण्यासारखा विरघळतो आणि तेलाची गोडी मागे राहते.

पत्नी शाकाहारी असल्यामुळे या ठिकाणी जे शिकलो ते नीट लिहितो. लाल मसुरीच्या डाळीचे मेर्जिमेक सूप दिसायला निखळ शाकाहारी असले, तरी ते पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. म्हणून ‘एत सुयू’, म्हणजे मांसाचे पाणी, आहे का, हे विचारावे. नुसते ‘एत्सिझ’, म्हणजे बिनमांसाचे, एवढे म्हणून भागत नाही, कारण ‘एत’ शब्दात कोंबडी धरली जाईलच असे नाही. ‘ताऊक’, म्हणजे कोंबडीही नको असे स्पष्ट सांगावे. गोमांस न खाणाऱ्यांनी ‘दाना’ आणि ‘कुझू’ हे शब्द पाठ करावेत. पहिला गोवंशाच्या मांसासाठी, दुसरा कोकरासाठी आहे, आणि कबाब-कोफ्त्यांत दोन्हींचे मिश्रण सर्रास असते.

भात भरलेले शिंपले, मिद्ये दोल्मा, मी लिंबू पिळून चार खाल्ले. हे गर्दीच्या दुकानातच खावेत, उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर नकोत. शेवटी गरम क्युनेफे आले: शेवयांच्या दोन थरांमध्ये बिनमिठाचे चीज, वरून पाक. ते थंड होण्याआधी संपवावे, चीज घट्ट झाले की मजा जाते.

जाणाऱ्यांनी सकाळी काहीही न खाता निघावे आणि पहिल्या दोन थांब्यांवर हात आखडता ठेवावा. आमच्यातले तिघे नाश्त्यालाच तृप्त झाले आणि दुपारी नुसते पाहत बसले. चढउताराचे फरसबंद रस्ते असल्याने चांगली पकड असणारे बूट हवेत. बोट आणि ट्रामसाठी इस्तंबूलकार्त हे प्रवासाचे कार्ड आधीच घ्यावे. लिराचे भाव झपाट्याने बदलत असल्यामुळे जुन्या लेखांतल्या किमतींवर विसंबू नये. डाळिंबाचा आंबट काकवीसारखा रस आणायचा असेल, तर बाटलीवर ‘नार एक्शिसी’ लिहिले आहे ना ते पाहावे. ‘नार एक्शिली सोस’ हे साखरेचे स्वस्त मिश्रण असते. रस द्रवरूप असल्याने ही बाटली विमानात हातातल्या पिशवीत चालत नाही. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेतच ठेवावी.